पुन्हा हप्ता भरण्याचा हक्क

एकदा कर्जात बुडालेल्या माणसानं पुन्हा कर्जाच्या वाटेला जाऊ नये, असं माझं ठाम मत होतं. इचलकरंजीतल्या एका सहकारी बँकेच्या कर्जविभागात माझी नोकरी झाली. समोर बसायचे ते खर्चीवाले, म्हणजे मजुरीवर कापड विणून देणारे यंत्रमागधारक, सायझिंगवाले, सूत-कापडाचे छोटे व्यापारी, कधी त्यांच्या बायका. ज्याचं खातं थकलं, एनपीएत गेलं आणि शेवटी एकरकमी तडजोडीत मिटलं, त्याच्या हातात पावती देताना मी आवर्जून सांगायचो, आता रोखीनं जगा. कार्ड नको, हप्ता नको, कुणाला जामीन राहणंही नको. हे मी कळवळ्यानं सांगत असे, आणि ऐकणाऱ्यालाही ते पटत असे.

आज माझं मत ते राहिलेलं नाही. तडजोडीचं पत्र घेऊन कुणी आलं तर मी म्हणतो, वर्षभर थांबा, थोडी ठेव जमवा आणि त्या ठेवीवर एक लहान कार्ड घ्या. दर महिन्याला वापरा, दर महिन्याला पूर्ण भरा. निवृत्तीनंतर मी गावातल्या लोकांना त्यांचे क्रेडिट रिपोर्ट वाचून दाखवतो, त्या कामात हा बदल माझ्यात झाला. तो लिहून ठेवावासा वाटला, कारण माझं जुनं मत अजून पुष्कळ जणांचं आहे. बँकेतल्या माणसांचं आहे आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचंही आहे.

ते मत मुळीच निराधार नव्हतं. ऋण, वैर, हत्या चुकत नाही असं ऐकत आमची पिढी वाढली. पुढे टेबलाच्या पलीकडून जे पाहिलं त्यानं ते अधिक पक्कं झालं. सुताचा भाव वर गेलेला, कापडाला उठाव नाही, व्यापारी विणाईची मजुरी वाढवून द्यायला तयार नाही, आणि वीजबिल मात्र ठरल्या तारखेला दारात. अशा वेळी माणूस क्रेडिट कार्डानं मजुरी भागवतो. पुढच्या महिन्यात ‘किमान देय’ रक्कम भरून सुटल्यासारखं वाटतं, पण उरलेल्या रकमेवर महिना तीन-साडेतीन टक्क्यांनी व्याज चढत राहतं. वर्षाचा हिशेब चाळीस टक्क्यांच्या आसपास जातो. मग कार्ड फेडायला पर्सनल लोन, त्याचा हप्ता भरायला मोबाइलवरचं कर्ज. २०२०च्या टाळेबंदीत माग बंद पडले, रिझर्व्ह बँकेनं ऑगस्टपर्यंत हप्त्यांना सवलत दिली. ती संपल्यावर जी खाती कोसळली, त्यांतली कित्येक मला चेहऱ्यानिशी आठवतात. त्या माणसांना मी ‘पुन्हा कार्ड घ्या’ असं म्हटलं असतं तर मलाच ते क्रूर वाटलं असतं.

त्यांच्यापैकी एकानं माझा सल्ला अक्षरशः पाळला. त्याच्या वडिलांनी उभे केलेले माग त्यानं भंगारात विकले, तडजोडीची रक्कम भरली आणि दुसऱ्याच्या कारखान्यात जॉबर म्हणून लागला. भाडं वेळेवर, किराण्याची उधारी नाही, भिशीचा हप्ता कधी चुकला नाही. पुढे मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. शैक्षणिक कर्जात पालक सहकर्जदार असावे लागतात. अर्ज दोन ठिकाणी परत आला. मी त्याचा रिपोर्ट मागवून पाहिला. शेवटच्या खात्यावर ‘सेटल्ड’, त्याआधीच्या महिन्यांत तीस, साठ, नव्वद आणि पुढे वाढत गेलेले थकीत दिवस. त्यानंतर काहीच नाही. एवढी वर्षं त्यानं जी नेकीनं काढली होती, त्यांची एक ओळही तिथं नव्हती. फी भरायची तारीख आली तेव्हा त्यानं महिना पाच टक्क्यांनी सावकाराचे पैसे उचलले.

वर्षाला साठ टक्के झाले. कर्ज नको म्हणून मी ज्याला अडवलं होतं, त्याला बाजारातलं सगळ्यात महाग कर्ज घ्यावं लागलं.

माझं मत इथं हललं. एका माणसाच्या दुःखानं मत बदलू नये, म्हणून मी इतरांकडेही नीट पाहू लागलो. तडजोड करून गेलेले, माझ्या ओळखीचे जेवढे भेटले त्यांना विचारलं. दवाखाना, लग्न, शाळेची फी, मागाची दुरुस्ती, घराचं डिपॉझिट, यांतलं काही ना काही प्रत्येकाच्या दारात आलेलं होतं. कर्ज कुणालाच टळलं नव्हतं. फरक इतकाच की बँकेचं दार बंद असल्यामुळे ते हातउसन्यावर, सावकारावर किंवा बायकोच्या दागिन्यांवर गेलं होतं. महाराष्ट्रात सावकारी नियमनाचा २०१४चा कायदा आहे, परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. पण गरजू माणूस परवाना विचारत नाही, आणि विचारला तर पैसे मिळत नाहीत.

इथं त्या रिपोर्टाविषयी थोडं सांगायला हवं. आपण सरसकट ‘सिबिल’ म्हणतो, पण असे रिपोर्ट देणाऱ्या चार कंपन्या देशात आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. २००५च्या कायद्याखाली त्यांचं काम चालतं. स्कोअर ३०० ते ९०० यांच्या दरम्यान असतो. रिपोर्टात प्रत्येक खात्याची महिनावार नोंद, जास्तीत जास्त छत्तीस महिन्यांची, दिसते. ही माहिती जपून ठेवण्याची किमान मुदत सात वर्षं आहे. या कागदाला फक्त सदस्य संस्थांचं कर्ज दिसतं. घरभाडं, किराणा, भिशी, सावकाराला वेळेवर दिलेलं व्याज यांतलं काही दिसत नाही. आपल्याकडच्या अनेक पतसंस्थांतली परतफेडही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. दहा वर्षं पतसंस्थेचा एकही हप्ता न चुकवलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांचे कोरे रिपोर्टही.

कर्जापासून लांब राहणं हा सद्गुण आहे असं मी मानत होतो. तो असेलही. पण रिपोर्ट त्याची दखल घेत नाही. नवी नोंद पडली नाही, तर आयुष्यातला सगळ्यात वाईट काळ हीच माणसाची शेवटची ओळख म्हणून छापलेली राहते, आणि कर्ज देणारा अधिकारी तेवढीच वाचतो. मीही तेवढीच वाचत असे. अर्जदाराच्या फाइलमध्ये ‘सेटल्ड’ दिसलं की पुढचं पान उलटायची गरज वाटत नसे.

पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याला आता थोडं संरक्षण आहे. पूर्वी कर्ज नव्हतं एवढ्यावरून नाकारू नका, असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे, आणि पहिल्या कर्जासाठी किमान स्कोअरची अट नाही हे केंद्र सरकारनं २०२५ मध्ये लोकसभेत स्पष्ट केलं. पीककर्जासाठी सिबिल मागू नका, असं मुख्यमंत्री फडणवीसांनी बँकांना जाहीरपणे बजावलं. दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत. पण पडून उठलेला यंत्रमागधारक, शिलाईवाली, टेम्पोवाला यांतल्या कुठल्याच दारातून आत येत नाही. तो पहिलटकर नाही आणि शेतकरीही नाही.

दिवाळखोरीचा कायदा तरी त्याच्यासाठी आहे का? म्हणायला आहे. मुंबईसाठी १९०९चा प्रेसिडेन्सी शहरांचा नादारी कायदा आणि बाकी महाराष्ट्रासाठी १९२०चा प्रांतिक नादारी कायदा. दोन्ही इंग्रजांच्या काळातले. २०१६ची नवी नादारी व दिवाळखोरी संहिता आली तेव्हा तिच्या तिसऱ्या भागात सामान्य व्यक्तीसाठी आणि भागीदारी पेढीसाठी तरतुदी लिहिल्या गेल्या. त्यांतला जो भाग १ डिसेंबर २०१९ला लागू झाला, तो कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. बाकीच्यांसाठी तो भाग कागदावरच राहिला. त्यामुळे छोट्या माणसाची दिवाळखोरी आपल्याकडे कोर्टात होत नाही, ती बँकेच्या केबिनमध्ये तडजोडीच्या पत्रानं होते. कर्ज मिटतं, पण ‘आता तू मोकळा, पुन्हा सुरुवात कर’ असं कायद्यानं त्याला कुणी म्हणत नाही.

अमेरिकेत ते म्हटलं जातं. माझा भाचा न्यू जर्सीत हिशेबनीस आहे, त्याच्याकडून मी हे समजून घेतलं. तिथं ‘चॅप्टर सेव्हन’खाली दिवाळखोरी मागितली की साधं प्रकरण काही महिन्यांत संपतं आणि बहुतेक विनातारण कर्जं कायद्यानं माफ होतात, शैक्षणिक कर्जासारखे अपवाद सोडून. नोंद रिपोर्टावर दहा वर्षं राहते. तरीही कर्जमुक्तीनंतर दोन वर्षं नीट वागलेल्या माणसाला सरकारी विम्याच्या एफएचए योजनेतलं घरकर्ज मिळू शकतं. मधल्या काळात लोक दोन-तीनशे डॉलर अनामत ठेवून कार्ड घेतात आणि त्यावर आपला इतिहास पुन्हा लिहायला लागतात. तिथला सगळाच व्यवहार निर्मळ आहे असं नाही. दिवाळखोरी संपते न संपते तोच कार्ड आणि गाडीकर्जाच्या जाहिराती टपालपेटीत येऊन पडतात. त्या माणसाची जुनी देणी गेलेली असतात आणि आठ वर्षं त्याला पुन्हा चॅप्टर सेव्हनमधून कर्जमाफी मिळणार नसते, हे देणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. त्या जाहिरातींपासून लांब राहायलाच हवं. पण परतीची मुदत ठरलेली असणं ही गोष्ट मला मनापासून आवडली. किती काळ शिक्षा आणि कधी परत, हे तिथल्या बुडालेल्याला माहीत असतं.

आपल्याकडे हे कळत नव्हतं असंही नाही. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये हा दामदुपटीचा नियम आपल्या जुन्या धर्मशास्त्रातला, मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनीही तो मानला. १८७५च्या मे महिन्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, त्यानंतर १८७९चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. रोख्यामागचा खरा व्यवहार तपासायचा अधिकार कोर्टाला मिळाला, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं थांबलं. मात्र जुनं देणं हलकं झालं तरी नवी रक्कम कुठून आणायची हा प्रश्न सुटला नाही. सावकारांनी हात आखडता घेतला, काहींनी गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतच लिहून मागितलं. १९०४च्या कायद्यानं सहकारी पतपेढ्या आल्या त्या या पोकळीत. ज्याला कुणी उधार देत नाही त्याला पत मिळवून देणं हे सहकाराचं मूळ काम. मी आयुष्यभर ज्या चळवळीची भाकरी खाल्ली तिचा जन्मच यासाठी झाला, आणि आज आमच्याच शाखांतून तीन आकडी स्कोअर पाहून माणसं परत पाठवली जातात. हे मला खुपतं. फार खुपतं.

आता प्रत्यक्ष काय करावं, हे सांगतो. तडजोड झाली की पत्र आणि ‘नो ड्यूज’ दाखला दोन्ही घ्यावेत, नुसत्या पावतीवर उठू नये. मग रिपोर्ट मागवावा. चारही कंपन्यांकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. मिटलेलं खातं अजून थकीत दिसतंय का, शिल्लक शून्य झाली का, दुसऱ्याच कुणाचं कर्ज आपल्या पॅनवर चढलंय का, हे पाहावं. चूक असेल तर तक्रार करायला पैसे पडत नाहीत. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाईचा नियम रिझर्व्ह बँकेनं केला आहे. ‘सिबिल साफ करून देतो’ म्हणणारे एजंट याच कामाचे हजारो रुपये घेतात. खरी नोंद तर कुणालाच पुसता येत नाही. ‘सेटल्ड’ खरोखर बदलायचं असेल तर त्याचा रस्ता एकच आहे. हातात पैसे आल्यावर सोडून दिलेली रक्कम बँकेला भरायची आणि खातं ‘क्लोज्ड’ करून घ्यायचं. ज्यांना जमेल त्यांनी ते करावं. पण त्यासाठी नवं कर्ज काढू नये.

रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३च्या चौकटीनुसार, शेतीव्यतिरिक्तच्या कर्जात तडजोड झालेल्या माणसाला नवं कर्ज देण्याआधी किमान बारा महिन्यांचं अंतर ठेवावं लागतं. हे वर्ष वाया गेलं असं मी पूर्वी समजत असे. आता म्हणतो, हेच वर्ष ठेव जमवायचं. दरमहा थोडं बाजूला टाकून दहा-वीस हजारांची एफडी झाली की पुष्कळ बँका तिच्यावर कार्ड देतात. जुना स्कोअर फारसा बघत नाहीत, कारण तारण त्यांच्याच हातात असतं. मर्यादा ठेवीपेक्षा थोडी कमी असते. त्या कार्डावर फक्त वीजबिल किंवा गॅस भरावा, मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत राहावं, आणि पूर्ण रक्कम खात्यातून आपोआप वळती होईल अशी सूचना बँकेला द्यावी. ‘किमान देय’ हा पर्याय आपल्यासाठी नाहीच असं समजावं. महिन्यामागून महिना नवी, स्वच्छ नोंद पडत जाते. २०२५मध्ये बँकांना ही माहिती निदान पंधरवड्याला कळवणं बंधनकारक झालं, त्यामुळे पूर्वीसारखं ताटकळावंही लागत नाही. वर्ष-दीड वर्षानं एखादं लहान हप्त्याचं कर्ज घ्यावं, तेही खरी गरज असेल तर.

आमच्याच भागातल्या एका बाईंनी हे सगळं केलं. नवऱ्याच्या कर्जात त्या सहकर्जदार होत्या, त्यामुळे त्याचा धंदा बसला तसा त्यांचाही रिपोर्ट बिघडला. सहकर्जदार आणि जामीनदार यांच्या नावावरही तीच थकबाकी चढते, हे सही करताना त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी गाऊन शिवून ठेव केली, कार्ड घेतलं, त्यावर फक्त वीजबिल भरलं. घरच्यांचा विरोध होता. सासरे म्हणाले, एकदा हात भाजले ते पुरे नाही का? बाईंनी त्यांना दर महिन्याची पोचपावती दाखवली. पुढे शिलाई मशिनसाठी बँकेचं कर्ज मंजूर झालं तेव्हा त्या मला म्हणाल्या, “काका, मशीन कधीतरी आलंच असतं. पण बँकेत खुर्चीवर बसवून बोलले, ते फार वर्षांनी झालं.”

जुन्या मताचा एक भाग मी सोडलेला नाही. ज्याची आवक महिन्याच्या खर्चालाच पुरत नाही, त्यानं कार्ड घेऊ नये. त्याला आधी कामाची गरज आहे. ज्याच्या मोबाइलमध्ये कर्जाची चार-पाच अ‍ॅप आहेत किंवा ज्याला ऑनलाइन जुगाराची सवय लागली आहे, त्याला मी आजही रोखीनंच जगायला सांगतो. आणि केवळ स्कोअर वाढावा म्हणून पर्सनल लोन काढायला तर कुणालाच सांगत नाही. विनाकारण व्याज भरून पत विकत घेणं मला मान्य नाही. ठेवीवरच्या कार्डाचं बिल वेळेत पूर्ण भरलं तर व्याज लागतच नाही, म्हणून मी त्याच्यापाशी थांबतो.

शाखेत बसणाऱ्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. ‘सेटल्ड’ शब्द दिसला की फाइल मिटू नका, त्याच्या पुढच्या महिन्यांच्या नोंदी वाचा. नोंदी नसतील तर ठेवतारणावर लहान कर्ज देऊन त्या पडू द्या, आणि त्या चारही कंपन्यांपर्यंत पोहोचतात ना, याची खात्री करून घ्या. सरकारनं संहितेचा तिसरा भाग सामान्य माणसासाठी लागू करावा आणि परतीची मुदत कायद्यात लिहावी. आणि ज्यांच्या घरात असा कुणी उठून उभा राहू पाहतो आहे, त्यांनी त्याला ते लहानसं कार्ड घेऊ द्यावं. बारा महिन्यांनी त्याच्या शेजारी बसून त्याचा रिपोर्ट मागवावा आणि स्वतः वाचावा.